मुक्कामी गाडी

पाटोद्यात खोली शोधायला निघाले तेव्हा पहिल्या दोन घरांनी माझं अगदी छान स्वागत केलं. खोली दाखवली, चहा पाजला, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं तेही सांगितलं आणि मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यावर पहिल्या घराला एकदम आठवलं की पुतण्याचं लग्न ठरतंय, खोली लागेल. दुसऱ्या घराचा रंग द्यायचा राहिला होता. मला या प्रकाराची सवय होती. सवय होती म्हणजे वाईट वाटत नव्हतं असं मात्र कुणी समजू नये.

तिसरं घर बस स्टँडपासून हाकेच्या अंतरावर होतं. ओट्यावर एक ठेंगणे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रस्त्यावरून एसटी चालली होती. ती वळणाआड जाऊन आवाज विरेपर्यंत ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "क्लच घसरतोय हिचा." एवढं झाल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कनिष्ठ महाविद्यालयात नवीन लागलेली शिक्षिका आहे, खोली पाहिजे, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "मॅडम, एसटीत तुमी कोणत्या सीटवर बसता?"

मी इतकी दमले होते की खरं तेच सांगितलं. म्हटलं, मागच्या चाकावरच्या. कारण शेवटी तीच रिकामी राहते.

त्यांनी दारातून आत आवाज दिला, "अगं, चाकावर बसणाऱ्या हायत. किल्ली आण."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी आडनावाच्या प्रश्नाची वाट पाहिली. मग आठवडाभर पाहिली. त्या घरात मी सहा वर्षं राहिले, पण तो प्रश्न काही आला नाही. आठवडा संपल्यावर मी न राहवून काकूंना आपणहून सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, "बरं," आणि मला कारळ्याची चटणी चालते का ते विचारलं.

सीटांबद्दल काकांचा पक्का सिद्धांत होता. ड्रायव्हरच्या मागे बसणाऱ्याचा कुणावर विश्वास नसतो. दाराजवळ बसणारा दोन महिन्यांत खोली सोडतो. शेवटच्या बाकावरचा एक तर भांडकुदळ असतो, नाही तर प्रेमात पडलेला. चाकावरचा माणूस मात्र पाय आखडून बसतो, धक्के खातो आणि तक्रार करत नाही. मी म्हटलं, काका, मी तर सारखी तक्रार करते. ते म्हणाले, "ते कळलंय आता. पण किल्ली दिली की."

काका एका सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते, पण कचेरीचा विषय त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तरुणपणी त्यांना एसटीचा ड्रायव्हर व्हायचं होतं. उंची कमी भरली. किती कमी, तर दोन बोटं. हे सांगताना ते नेहमी उजव्या हाताची दोन बोटं आडवी धरून दाखवत. त्यावर काकू आतून म्हणत, "त्या दोन बोटांपायी चाळीस वर्षं ऐकतीय मी." ड्रायव्हर होता आलं नाही म्हणून या माणसाने पुढे दुसरं कुठलंही वाहन शिकायचं नाकारलं. सायकलसुद्धा. जीपला ते पिंजरा म्हणत आणि त्यात पाय ठेवत नसत. एकदा सख्ख्या मेहुण्याच्या साखरपुड्याला ते सामोसे संपल्यावर पोचले, कारण जीप भरून निघाली होती आणि एसटी यायची होती.

घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण शोभेला. आष्टीची गाडी गेली की कुकर लावायचा. जामखेड आली की रक्तदाबाची गोळी. दुपारची बीड स्टँडात शिरली की पान वाढायचं. एकदा मांजरसुंब्याच्या घाटात ट्रक आडवा झाला आणि वरच्या सगळ्या गाड्या अडकल्या. काका तीन वाजेपर्यंत उपाशी ओट्यावर बसले. मी काकूंना काळजीने विचारलं, तुम्हीही जेवला नाहीत का? तर म्हणाल्या, "मी बाराला जेवले. जीपनं."

खोल्यांवर एसटीच्या जुन्या टिनाच्या पाट्या टांगलेल्या होत्या. कुठल्या कुठल्या भंगारवाल्यांकडून त्यांनी त्या जमवल्या होत्या. न्हाणीघरावर गंगाखेड, स्वयंपाकघरावर तुळजापूर. माझ्या खोलीवर नुसतं 'जलद' असं होतं, कारण मी सकाळी चपला घालत घालत पळायची. आणि ओट्यापासून स्वयंपाकघरापर्यंत कड्यांमधून ओवलेली एक दोरी होती, तिच्या टोकाला खरी एसटीची घंटी. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. काका पाहुण्यांना गाठून इंजिनाची गोष्ट सांगायला लागले आणि पाहुण्यांचा चेहरा उतरला की आतून एक टोला येई. काका तिथल्या तिथे वाक्य सोडून देत. मला याचं हसू येई, तेव्हा ते गंभीरपणे म्हणत की या घरात कंडक्टर ती आहे, आपण नुसतं समोर बघून चालवायचं.

त्यांचं एक वाक्य मला अजून उपयोगी पडतं. बारावीच्या निकालाला उशीर झाला, पाऊस लांबला, माझा पगार अडकला, काहीही असो, काका म्हणत, "लेट हाय म्हंजी येणार हाय." पहिल्यांदा मला त्याचा राग यायचा. स्टँडवर दोन तास उभं राहिलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवून बघा.

काका एक विशिष्ट गाडी शोधत होते, हे मला वर्षभराने कळलं. ते मूळचे पाटोद्यापासून नऊ किलोमीटरवरच्या, डोंगरातल्या एका वाडीचे. त्यांच्या लहानपणी त्या वाडीला मुक्कामी गाडी येई. म्हणजे संध्याकाळी यायचं, ड्रायव्हर-कंडक्टरने गावातच झोपायचं आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. त्यांच्या जेवणाची गावात घराघराला पाळी असे. ती गाडी पुढे मोडीत निघाली. तिचा सांगाडा कुठेतरी कुणाच्या तरी शेतात खोपट म्हणून उभा असणार, अशी काकांची खात्री होती, कारण पत्रा ॲल्युमिनियमचा होता आणि तो गंजत नाही. असे अकरा सांगाडे त्यांनी जिल्हाभर फिरून पाहिले होते. अकराही वेळा ती ती नव्हती.

बाराव्याची बातमी तलवाड्याहून आली. काकू म्हणाल्या, "मॅडम, तुमी संगं जा. न्हाईतर हे तिथंच राहतील." रविवार होता. आम्ही बीडला गाडी बदलली, गेवराईला बदलली आणि दुपारी तलवाड्याच्या एका रानात पोचलो. सांगाडा विटांवर उभा होता. चाकं नव्हती, इंजिन नव्हतं, आत कापसाच्या पऱ्हाट्या आणि रिकामी पोती भरलेली. काका एक फेरी मारून डाव्या बाजूला आले. तिसऱ्या खिडकीखाली बोटं फिरवली, मग खिशातल्या किल्लीने रंग खरवडायला लागले. पत्र्याला एक ठिगळ होतं. चहाच्या डब्याचं गोल झाकण रिबिटं मारून बसवलेलं, त्यावर उठावाचं फूल. काका होते तिथे मातीत बसले. शेतकऱ्याला वाटलं चक्कर आली, तो पाण्याचा तांब्या घेऊन धावला. काका पाणी प्यायले आणि म्हणाले, "हीच हाय."

शेतकरी द्यायला तयार होता. त्याच्या बायकोने मात्र अट घातली. ड्रायव्हरच्या जागेवर तिची कोंबडी खुडूक बसली होती. अंडी फुटेपर्यंत गाडी हलवायची नाही. आयुष्यभर शोधलेली गाडी समोर होती, आणि काकांनी कोंबडीचे तीन आठवडे मान्य केले. निघताना तिला पाहून म्हणाले, बसू दे, तिला जागा मिळालीय.

आणण्याची गोष्ट तर पाटोद्यात अजून सांगतात. गळीत हंगाम सुरू व्हायला अवकाश होता, उसाच्या ट्रॉल्या रिकाम्या पडल्या होत्या. ओळखीच्या एका मुकादमाने ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या दिल्या. त्यावर सांगाडा दोरखंडांनी आवळला आणि आम्ही पहाटे निघालो. काका आत, दाराशी, कंडक्टरच्या जागेवर उभे. ड्रायव्हरच्या जागेवर बसा म्हटलं तर त्यांनी दोन बोटं दाखवली. ट्रॅक्टरवाल्याला घरून आणलेली घंटी ऐकू जाईना, तेव्हा त्यांनी दोरीचं टोक त्याच्या डाव्या दंडाला बांधलं. एक हिसका थांबा, दोन हिसके चला.

मग जे झालं ते दुसऱ्या कुठल्या मुलखात होईल असं मला वाटत नाही. पुढे ट्रॅक्टर, खाली उसाच्या ट्रॉल्यांची चाकं, रंग उडालेला पत्रा, तरी फाट्याफाट्यावर लोक हात करायला लागले. खिडक्यांची ती ओळ दिसली की आमच्याकडे माणसाचा हात आपोआप वर जातो. आणि काका प्रत्येक हाताला थांबत. हात केल्यावर न थांबणं त्यांच्या लेखी पाप होतं. थांबायचं, गाडी कुठली आणि कुठे चाललीय ते समजावून सांगायचं, माफी मागायची, दोन हिसके द्यायचे. एक सीताफळांची पाटीवाली बाई काही ऐकायलाच तयार नव्हती. "पुढच्या फाट्याला तर जाती ना?" असं म्हणून ती चढली, पोत्यावर बसली आणि पुढच्या फाट्याला उतरली. उतरताना तिने काकांच्या हातावर दोन सीताफळं ठेवली. ट्रॅक्टरवाल्याच्या दंडावर वळ उठले होते. पाटोद्यात शिरेपर्यंत दिवेलागण झाली.

पुढची दोन वर्षं काकांचा प्रत्येक रविवार त्या गाडीत गेला. परसात ती उभी होती, लाल रंगाची, खिडक्यांना काचा, छताला घंटीची दोरी. कपाळावर पाटी त्यांनी पेंटरकडून नवी करून घेतली, वाडीच्या नावाची. आत जाताना चपला खाली काढाव्या लागत. मला चाकावरच्या सीटवर पेपर तपासायची परवानगी होती, शाईचं पेन मात्र न्यायचं नाही. ड्रायव्हरच्या जागेवर कुणी बसायचं नाही, ते स्वतःही नाहीत. आमच्या गल्लीतली माणसं त्यांना हसत, मीही हसायची. पण संध्याकाळी त्या खिडकीशी बसून पेपर तपासताना मला जितकं निवांत वाटलं तितकं या जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी वाटलं, हे मी कबूल करते.

त्या सुमारास माझ्या अकरावीच्या वर्गात अश्विनी नावाची मुलगी होती, काकांच्याच वाडीची. आईबाप ऊसतोडीला गेले की मावशीकडे राहायची. हुशार म्हणावी अशी नव्हती, पण चिवट होती. वाडीला मुक्कामी गाडी अजूनही येई, तिनेच ती पहाटे यायची. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली आणि एक दिवस तिची मावशी शाळेत नाव काढून घ्यायला आली. मी तिला खुर्चीत बसवलं. गाडी बंद झाली, म्हणाली. जीप फक्त बाजारच्या दिवशी येते. नऊ किलोमीटर डोंगरातून पोरीला एकटीला कशी पाठवायची? त्यापेक्षा आईबापाबरोबर फडावर जाईल, निदान त्यांच्या डोळ्यासमोर राहील.

गाडी का बंद झाली, हे तिने आधी सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा खाली बघत सांगितलं. ड्रायव्हर-कंडक्टर ज्या जुन्या खोलीत झोपत ती पडायला आली म्हणून पाडली. गावाने ठरवलं, पाळीच्या घरी जेवतील तिथेच झोपतील. पहिल्याच रात्री एका घराने नव्या कंडक्टरला पानावर बसवलं आणि वाढता वाढता आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. घरधनी उठला आणि ताट बाहेर ओट्यावर न्या म्हणाला. कंडक्टर उठला. गाडीत जाऊन उपाशी झोपला. त्यानंतर त्या वाडीची ड्युटी कुणी आनंदाने घेईना. एसटीच्या वरच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. माझ्या माणसांना बंद, स्वतंत्र खोली द्या, आठ दिवसांत गाडी सुरू करतो. उपाशी निजायला मी माणसं पाठवणार नाही. साहेब बरोबरच होते. पण खोली बांधायला वाडीला वर्ष लागलं असतं, आणि अश्विनीकडे वर्ष नव्हतं.

मावशीला मी आठ दिवस थांबा म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते मलाही माहीत नव्हतं. घरी आले आणि ओट्यावर काकांसमोर सगळा राग काढला. पोरीसाठी राग होता, आणि ओट्यावर नेलेल्या त्या ताटासाठीही होता. तसल्या ताटाची चव मला ठाऊक आहे. काका ऐकत राहिले. रस्त्यावरून एक एसटी गेली, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. मी घाबरले.

मग ते बोलायला लागले. त्यांच्या लहानपणीच्या त्या मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर बौद्ध होता. पाळीच्या घरचं ताट येई ते कंडक्टरसाठी. ड्रायव्हर गाडीत बसून आपली बांधून आणलेली भाकरी खाई. गावात याची कुणाला लाज वाटत नव्हती, तशी पद्धतच होती. बैलगाडीच्या जुवाने गाडीचा पत्रा फाटला तेव्हा त्यानेच चहाच्या डब्याचं झाकण ठोकून ठिगळ लावलं, आणि झाकण धरायला काका होते, बारा वर्षांचे. त्या संध्याकाळी पाळी त्यांच्या घरची होती. ताट घेऊन त्यांनाच पाठवलं होतं.

"मी ताट दोघांच्या मधी ठिवलं," काका म्हणाले. "तो म्हणला, पोरा, घरी मार खाशील. मी म्हणलं, खाईन. तिघं जेवलो. बापानं लई मारलं. सकाळी गाडी निघायच्या टायमाला मी आपला उभा. त्यानं इचारलं न्हाई कुणाचा तू, आडनाव काय. इचारलं, कुठं बसतोस बोल. आन् फाट्यापातुर नेलं मला. घंटी मी मारली."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगता येईल, पण मी काय केलं ते आधी सांगते, कारण ते माझ्या स्वभावाला धरून होतं. मी म्हटलं, काका, बंद आणि स्वतंत्र खोली तुमच्या परसात उभी आहे.

काका उठून आत गेले.

चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आष्टी गेली, जामखेड आली, त्यांनी कान दिला नाही. काकूंनी गोळी हातावर ठेवली तर घेतली, नाही तर नाही. सकाळ-संध्याकाळ ते परसात जात आणि गाडीभोवती फिरत. एकदा खिडकीतून पाहिलं, तर ते ठिगळावर हात ठेवून उभे होते. मला स्वतःचा राग आला. ज्याने मला दार उघडलं त्याच्याच परसातली एकुलती एक वस्तू मी मागितली होती. जाऊन माफी मागावी असं ठरवलं, आणि मग अश्विनीची रिकामी जागा आठवून गप्प बसले.

पाचव्या दिवशी दुपारी काका ओट्यावर बसले होते, मी शाळेतून नुकती आले होते. आतून घंटी वाजली. एक टोला. काका दचकले, कारण ते काही बोलतच नव्हते. मग दुसरा टोला आला. काकू हात पुसत दारात आल्या.

"दोन दिल्यात," म्हणाल्या. "आता चालवा."

काका उठले. मग मला म्हणाले, "मुकादमाला फोन लावा मॅडम. ट्रॉल्या फडावर जायच्या आत आणाव्या लागतील."

त्यांनी दोन अटी घातल्या, आणि पहिली ऐकून मीच चाट पडले. आत चपला घालून गेलं तरी चालेल. दमून आलेल्या माणसाला चपला काढ म्हणून कोण सांगणार, म्हणाले. दुसरी अट अशी की ड्रायव्हरच्या जागेवर फक्त ड्रायव्हर बसेल. दोन खाटा मावाव्यात म्हणून सीटांच्या ओळी काढाव्या लागल्या. त्या त्यांनी स्वतःच पान्याने सोडवल्या, मला हात लावू दिला नाही. चाकावरची एक तेवढी ठेवली. वाडीत शाळेजवळ ओटा बांधून त्यावर गाडी बसवली, ग्रामपंचायतीने दिवा दिला आणि शेजारी संडास बांधला. साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, अशी खोली पहिल्यांदाच पाहिली, पण बंद आहे आणि स्वतंत्र आहे.

गाडी यायच्या पहिल्या संध्याकाळी काका, काकू आणि मी वाडीत होतो. पहिली पाळी कुणाची यावर गावात कुजबुज झाली होती. ज्या घरधन्याने ताट बाहेर न्यायला लावलं होतं, त्यानेच पुढे येऊन पाळी मागितली होती. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा माणूस. तो ताट झाकून घेऊन उभा होता आणि त्याची नजर जमिनीवर होती. सहाची वेळ, सात वाजले. कुणीतरी म्हणालं, येत न्हाई आता. मी काकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "लेट हाय," आणि पुढचं गावातल्या पोरीच म्हणाल्या, कारण एव्हाना ते सगळ्यांना पाठ झालं होतं.

गाडी आली. ड्रायव्हर वयस्कर होता, कंडक्टर तरुण, पंचविशीचा, मागचा तो नव्हता. तो लगेच उतरला नाही, दारात उभा राहून गर्दीकडे बघत राहिला. ताटवाला पुढे झाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण जिभेला वळण पडलेलं असतं. नव्या माणसापुढे उभं राहिलं की तिच्यावर एकच प्रश्न येतो.

"पाहुणे, आडनाव..."

तो तिथेच अडकला. त्याचं त्यालाच कळलं. कंडक्टरचा हात दाराच्या दांडीवर होता, तो आवळला गेलेला मला दिसला.

काका ताटवाल्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. त्याच्या खांद्यालाही लागत नव्हते. अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तिखट किती चालतं ते इचार."

त्या माणसाने ताट नीट धरलं. मग कंडक्टरला म्हणाला, "तिखट चालतं का?"

"लई न्हाई," कंडक्टर म्हणाला. "पोट बिघडतं."

आधी बायका हसल्या, मग सगळेच. कंडक्टर खाली उतरला. ताट लाल गाडीत गेलं, काकूंनी बरोबर आणलेल्या भाकरी त्यात पडल्या. ड्रायव्हर, कंडक्टर आणि काका खाटांवर समोरासमोर बसून जेवले. घरधन्याला काकांनी हाताला धरून आत नेलं. त्या रात्री तो जेवला नाही, चाकावरच्या सीटवर नुसता बसून राहिला. पुढच्या पाळीला जेवला, असं मला अश्विनीने सांगितलं. माणसं एका रात्रीत बदलतात यावर माझा विश्वास नाही. पण पाळी पुन्हा पुन्हा येते, हे या पद्धतीत चांगलं आहे.

आता मी केज तालुक्यात, युसूफ वडगावला असते. काका ऐंशीच्या जवळ आलेत. ऐकू कमी येतं, तर पायाखालची फरशी थरथरते त्यावरून गाडी ओळखतात. विजेवरच्या नव्या गाड्यांवर त्यांचा राग आहे, कारण त्या थरथरतही नाहीत. अश्विनी तलाठ्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाली आणि तिसऱ्यांदा बसलीय. मी फोनवर काळजी केली तर काकांनी मला काय ऐकवलं असेल ते सांगायला नको. मुक्कामी गाडी रोज येते.

पण मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची पहाट. नवी गाडी सुरू झाली, अश्विनी आणि आणखी अकरा पोरी दप्तरं घेऊन चढल्या. अश्विनी दाराशीच बसली आणि मला दोन महिन्यांत खोली सोडणाऱ्या माणसाचा सिद्धांत आठवला. काकू खिडकीशी बसल्या. मी सवयीने चाकावर. काका सगळ्यांत शेवटी चढले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी विचारलं नव्हतं की ते स्वतः कुठे बसतात. बरोबर जायचो तेव्हा ते उभेच असायचे, इंजिन ऐकत. गाडी निम्मी रिकामी होती. ड्रायव्हरच्या मागची जागा मोकळी होती आणि ड्रायव्हरने त्यांना तिथे हाताने बोलावलंही. काकांनी मान हलवली, मागपर्यंत चालत आले आणि माझ्या शेजारी, चाकावर, पाय आखडून बसले.

कंडक्टरने दोन टोले दिले. गाडी हलली. मागच्या काचेतून लाल गाडी दिसत होती, दारात दोन खाटांवरची घडी केलेली पांघरुणं, कपाळावर वाडीची पाटी. ती लहान लहान होत गेली. काकांनी मान वळवून एकदाच पाहिलं. मला राहवलं नाही. मी विचारलं, काका, तुम्ही एवढी शोधून आणली, आता ती कायमची इथेच उभी राहणार. वाईट नाही वाटत?

चाकाखाली खड्डा आला, आम्ही दोघं उडून खाली आदळलो. काकांनी बूड सावरलं.

"उभी कुठं हाय मॅडम," म्हणाले. "मुक्कामी हाय."